घराच्या कागदांवरचे आकडे आणि न्यू एकोटाचा छापखाना

अटलांटाच्या उत्तरेला फोर्साइथ काउंटीत आता मराठी घरं भरपूर आहेत. इथे घर घेतलं की जे कागद हातात पडतात, त्यांत जमिनीचं वर्णन असतं: लँड लॉट अमुक, डिस्ट्रिक्ट अमुक, सेक्शन अमुक. आपल्या सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखंच. सह्या करण्याच्या गडबडीत ते कोणी वाचत नाही. पण हे आकडे 1832 च्या सोडतीच्या मोजणीतले आहेत, आणि ती सोडत इथल्या मूळ रहिवासी चेरोकी लोकांच्या जमिनीची होती.

जॉर्जिया राज्याने चेरोकींचा मुलूख मोजून त्याचे तुकडे पाडले. सोनं मिळेल असं वाटलं तिथे 40 एकरांचे, बाकी ठिकाणी 160 एकरांचे. मिलेजव्हिल ही तेव्हाची राजधानी. तिथे एका पिंपात गोऱ्या नागरिकांच्या नावांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात जमिनीच्या. ज्यांची जमीन, ते लोक तेव्हा तिथेच राहत होते, मका पिकवत होते.

मला हे सगळं नीट उमगलं ते न्यू एकोटाला गेल्यावर. कॅल्हून गावाजवळची ही चेरोकींची राजधानी, 1825 मध्ये वसवलेली. 1827 मध्ये त्यांनी अमेरिकेच्या धर्तीवर लेखी राज्यघटना केली. दोन सभागृहं, सर्वोच्च न्यायालय, सगळं होतं. त्या इमारती आता पुन्हा बांधून ठेवल्यात. मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो छापखान्यात. सिक्वोया नावाच्या माणसाने 1821 च्या सुमारास चेरोकी भाषेसाठी लिपी तयार केली. एकेका अक्षरात व्यंजन आणि स्वर एकत्र, त्यामुळे आपल्यासारख्यांना ती चटकन समजते. त्या लिपीचे छपाईचे खिळे बॉस्टनमध्ये ओतून इथे आणले आणि 21 फेब्रुवारी 1828 ला ‘चेरोकी फीनिक्स’चा पहिला अंक निघाला. एकाच पानावर चेरोकी आणि इंग्रजी. बाळशास्त्रींचं ‘दर्पण’ असंच मराठी-इंग्रजी निघालं ते 1832 मध्ये.

हा योगायोग आहे, पण एक धागा खरोखरचा आहे. चेरोकींना छापखाना उभारायला मदत करणारा सॅम्युअल वूस्टर हा बॉस्टनच्या ज्या मिशनचा पाद्री, त्याच मिशनची माणसं 1813 मध्ये मुंबईत पोहोचली. तीच पुढे अमेरिकन मराठी मिशन झाली. अहमदनगरच्या ज्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा जोतिरावांनी पाहिली, त्याही याच मिशनच्या.

आता त्या काळच्या अमेरिकेकडे बघा. 1803 मध्ये लुइझियानाचा प्रदेश दीड कोटी डॉलरला घेऊन देश एका फटक्यात दुप्पट झालेला. 1812 च्या युद्धात इंग्लंडसमोर टिकून राहिल्याचा अभिमान ताजा. त्या युद्धाचा वीर अँड्र्यू जॅक्सन. 1814 मध्ये हॉर्सशू बेंडच्या लढाईत शेकडो चेरोकी त्याच्या बाजूने लढले होते. तोच राष्ट्राध्यक्ष झाला आणि 1830 मध्ये त्याने मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हटवण्याच्या कायद्यावर सही केली. प्रतिनिधीगृहात तो 102 विरुद्ध 97 मतांनी पास झाला. हा आकडा मी विसरू शकत नाही. म्हणजे हे चुकीचं आहे असं म्हणणारी माणसं त्याही सभागृहात जवळजवळ निम्मी होती.

राज्याचा परवाना न घेता चेरोकी मुलखात राहिला म्हणून जॉर्जियाने वूस्टरला सक्तमजुरीवर पाठवलं. मार्च 1832 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चेरोकी मुलखात जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत. राज्याने तो जुमानला नाही. सोडत त्याच वर्षी निघाली.

शेवटी 29 डिसेंबर 1835 ला न्यू एकोटातच मूठभर चेरोकींनी जमीन सोडून देण्याच्या तहावर सह्या केल्या. मुख्य प्रमुख जॉन रॉस यांची त्याला मान्यता नव्हती, हजारो चेरोकींनी विरोधाचा अर्ज केला, तरी सिनेटने एका मताच्या फरकाने तो मंजूर केला. 1838 मध्ये सैनिकांनी माणसांना घरांतून उठवून छावण्यांत कोंडलं. सुमारे 16,000 लोकांना आजच्या ओक्लाहोमात नेलं गेलं, त्यात सुमारे 4,000 मेले असं मानलं जातं. श्रीमंत चेरोकींचे काळे गुलामही त्या वाटेवर चालले. त्यांची आठवण तर आणखीच कमी निघते.

माझा राग तहापेक्षा त्या 1832 च्या पिंपांवर जास्त आहे. सही करणारे थोडेच असतात. चिठ्ठीत नाव घालणारे हजारो साधे शेतकरी होते आणि देश वाढतोय, आपणही त्याचे हक्कदार आहोत, एवढं त्यांना पुरेसं होतं. हे मी मुलांना सांगते. शाळेत त्यांना आठवीत जॉर्जियाच्या इतिहासात हा भाग असतो, पण आपल्या घराचा लॉट नंबर त्याच मोजणीतला आहे हे धड्यात येत नाही.

न्यू एकोटाला गेलात तर लाकडी खानावळ जरूर बघा. ती मूळची आमच्या फोर्साइथमधली, एका चेरोकीच्या मालकीची. लेक लेनियरचं धरण झालं तेव्हा पाण्याखाली जाऊ नये म्हणून तिथे हलवली. आईबाबा भारतातून आले की आपण त्यांना कोकाकोलाचं म्युझियम आणि मत्स्यालय दाखवतो. आय-75 वरून अटलांटाहून साधारण सव्वा तासात न्यू एकोटा येतं, आरामात दिवसात जाऊन येता येतं. वूस्टरचं घर तिथे अजून मूळचंच उभं आहे.