उभ्यानं कॉफी

रविवार, रात्री साडेनऊ

फोनची बॅटरी फुगली म्हणून सकाळी मॉलमध्ये जावं लागलं. दुसऱ्या मजल्यावरच्या दुरुस्तीवाल्यानं फोन ठेवून घेतला, चिठ्ठी हातात दिली आणि म्हणाला, "दीड तासानं या." दीड तास झाला हे मला कळणार कसं? मनगटावर घड्याळ बांधणं सोडून वर्षं झाली. आणि मॉलमध्ये भिंतीवर घड्याळ नसतंच, हे मला आज पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

तळमजल्यावर इटालियन थाटाचं कॉफीचं दुकान आहे. एरवी पुढे गेलो असतो, पण आत भिंतभर मिलानच्या गॅलेरियाचा कृष्णधवल फोटो दिसला आणि पाय वळले. 2019 साली टूरबरोबर तिथे जाऊन आलोय. वर काचेचं छप्पर, लोखंडी कमानी, दुतर्फा दुकानं. 1877 साली पुरं झालेलं काम, म्हणजे आपल्या मॉलांचा खापरपणजोबाच म्हणायचा. तिथल्या फरशीत एक बैल आहे. त्याच्या नको त्या जागी टाच रोवून गिरकी घेतली की नशीब उघडतं म्हणतात. आमच्या गटातल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनीही घेतली. दोनदा.

तिथे एका साध्या बारमध्ये (इटलीत बार म्हणजे मुख्यतः कॉफीच) आधी गल्ल्यावर पैसे भरले, पावती काउंटरवर ठेवली, एस्प्रेसो आली, म्हणजे घोटभर कडक काळी कॉफी. एक युरो. शेजारी ऑफिसला निघालेला सुटातला माणूस आणि एक रंगारी, दोघं उभे. तीन घोट, एक वाक्य, चालू लागले. मला तेव्हा आमच्या सदाशिव पेठेतलं अमृततुल्य आठवलं होतं. पितळी पातेलं, फडक्यातून गाळलेला चहा, आणि कुणी कुणाला बसा म्हणत नाही. इटलीत बसलात तर दर वेगळा. आमच्यातले एक गृहस्थ ऐटीत खुर्चीवर बसले आणि बिल बघून त्यांनी जे मौन धरलं ते हॉटेलात पोचेपर्यंत.

तर आज ठरवलं, एस्प्रेसो घ्यायची आणि उभ्यानंच प्यायची.

"नंबर सांगा सर." सांगितला. "ओटीपी आला असेल." म्हटलं, फोन वर दुरुस्तीला आहे. मुलीच्या चेहऱ्यावर खरोखरीची कणव दाटली. "मग पेमेंट?" पाकिटाच्या चोरकप्प्यात पाचशेची एक नोट होती, बायकोनं कधीतरी घडी घालून ठेवलेली. कर धरून 189 रुपये झाले. नोट उजेडात धरून पाहिली गेली, सुट्ट्यांसाठी शेजारच्या दुकानात माणूस धाडला गेला. कपावर लिहायला नाव विचारलं. म्हटलं, दुकानात आत्ता मी एकटाच उभा आहे. तरी लिहिलं.

"बसा ना काका, आणून देतो," मशीनवरचा पोरगा म्हणाला. बोली मराठवाड्याची. इथेच उभा राहतो म्हटलं. त्यानं बघितलं, पण नाही म्हणाला नाही.

मग जे बघायला मिळालं त्यासाठी 189 फार नव्हते. दांड्याच्या गाळणीत पूड घेतली, बोटानं सारखी केली, वरून ठोकळ्यानं दाबली, मशीनला अडकवली. काळसर धार सुरू झाली, उंदराच्या शेपटीएवढी, आणि बघता बघता पिवळी पडली. त्यानं चक् केलं आणि कप सरळ बेसिनमध्ये ओतला.

"काय झालं?"

"लवकर उतरली. पंचवीस-तीस सेकंद लागायला पाहिजेत. दळण जाड झालंय. पावसाळी हवेत सारखं बदलावं लागतं."

दळण! मिलानमध्ये 1901 साली बेत्सेरा नावाच्या माणसानं पेटंट घेतलेलं हे वाफेचं यंत्र, 1948 च्या सुमारास गाजिया नावाच्या दुसऱ्यानं त्याला तरफ लावून वर तो सोनेरी फेस आणला, आज नऊ बारचा (म्हणजे हवेच्या जवळजवळ नऊपट) दाब, आकडे दाखवणारा पडदा, आणि सगळं येऊन अडलं कुठे, तर आजी पिठाच्या डब्याबरोबर गिरणीत जो निरोप धाडायची तिथे. भाकरीचं बारीक, भरड नको.

त्यानं दळण बारीक केलं. दुसऱ्या वेळी धार मधासारखी, जड, डुलत उतरली. अर्ध्या मिनिटात कपाच्या तळाशी जेमतेम 30 मिलिलिटर. पण फेसावर साखर टाकली तर ती क्षणभर तरंगून मग बुडाली. छान होती. कडू, पण जळकी नाही. आपल्या घरची जायफळ घातलेली दुधाळ कॉफी आणि ही, दोघींना एकच नाव का, हा प्रश्न मला पडतोच. दाण्यांच्या पाकिटावर "इटलीत भाजलेली" असं मिरवलं होतं. आपल्या कॉफीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटलीच आहे, तेव्हा त्यातले चार दाणे कर्नाटकातल्या कोडगूहून जाऊन, भाजून घेऊन परत आलेले असायचे.

दुसरा घोट घेतो तोच मघाची मुलगी आली. "सर, थोडं बाजूला होता का? ऑर्डरवाले थांबलेत."

वळून पाहिलं. मागे तिघं, ओले रेनकोट, पाठीला चौकोनी पिशव्या, तिघांच्या नजरा हातातल्या फोनवर. आत सोफ्यांवर लोक लॅपटॉप उघडून, केव्हाच रिकाम्या झालेल्या कपांपुढे बसलेले. त्या दुकानात उभे आम्ही चौघंच होतो, आणि कॉफी एकट्याच्या हातात. मी बाजूला झालो. त्यातला एक म्हणाला, "घ्या काका, आरामात." त्याची पिशवी भरली, तो गेला. तिसरा घोट गार झाला होता.

वर गेलो. दीड तासाचे सव्वादोन झाले होते, हे अर्थातच फोन हातात आल्यावर समजलं. चालू केला तर पहिला मेसेज त्याच कॉफीवाल्यांचा: आपला ओटीपी दहा मिनिटांसाठी वैध आहे.