तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, त्या कपासकट

"अमेरिकेत असताना तू कॅसिनोत पैसे कमवायचीस म्हणे, खरं का?"

हा प्रश्न मला चैत्रातल्या हळदीकुंकवाला विचारला जातो, नाशिकला कॉलेज रोडवर मी शिकवते त्या क्लासमध्ये तास संपल्यावर मुलं विचारतात, आणि दरवर्षी डिसेंबरात गोव्याला निघालेला दिरांचा ग्रुप विचारतो. दिरांच्या प्रश्नाला शेपूटही असतं: "वहिनी, आम्हाला शिकवा की." इतकी वर्षं मी "हो, थोडेफार" म्हणून विषय बदलत आले. त्यातून माझ्याबद्दल दोन समजुती पसरल्या. एक, मी जुगारी होते आणि नवऱ्यानं मला कशीबशी सोडवून आणलं. दुसरी, माझ्याकडे काहीतरी ट्रिक आहे. दोन्ही खोट्या आहेत. आता एकदाच नीट सांगते.

एमएस्सी स्टॅटिस्टिक्स करून मी २००९ मध्ये नवऱ्यामागे फिलाडेल्फियाजवळच्या एका उपनगरात गेले. एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, नोकरी करता येत नव्हती. काही जणींना ती मुभा मिळाली तीही मे २०१५ पासून. मधली वर्षं कशी गेली, ते ज्यांच्या बहिणी-मुली तिकडे आहेत त्यांना सांगायला नको.

कॅसिनोत मी पहिल्यांदा गेले ती पाहुण्यांना दाखवायला. तिथं एका स्लॉट मशीनवर (पैसे घालायचे, बटण दाबायचं, चित्रं जुळली तर पैसे) पाटी दिसली: हा जॅकपॉट ५०० डॉलरच्या आत लागणारच. तिकडे याला 'मस्ट हिट बाय' म्हणतात. साध्या मशीनला आठवण नसते. आधीचा माणूस हरला म्हणून तुम्हाला काही मिळत नाही. या मशीनला मात्र जॅकपॉटचा आकडा दाखवणारा मीटर होता. लोक खेळत तसतसा तो सेंटासेंटानं चढायचा, आणि ५०० ला पोचायच्या आत कुठेतरी फुटायचाच. कुठे फुटणार ते मशीननं आधीच गुपचूप ठरवलेलं असतं. मी मागे उभी राहून लोकांचे डाव मोजले. १०० डॉलरचा खेळ झाला, म्हणजे लावलेल्या डावांची बेरीज १०० झाली, की मीटर सुमारे ५० सेंट चढत होता. मशीन १०० मधले १२ खातं असं मी धरलं (न्यू जर्सीच्या नियमानं स्लॉट मशीननं किमान ८३ टक्के परत द्यावे लागतात, त्यामुळे हा अंदाज सोडून नव्हता). आता बघा. मीटर ४६० वर असेल तर तो सरासरी आणखी २० डॉलर चढून फुटेल. त्याला ४,००० डॉलरचा खेळ लागेल, त्यात ४८० जातील आणि जॅकपॉट साधारण तेवढाच मिळेल. म्हणजे बरोबरी. ४६० च्या अलीकडे बसणारा मशीनला पैसे देतो. ४९० ला बसणारा मशीनकडून घेतो.

एवढंच आहे. ट्रिक नाही, नशीब नाही. बारावीच्या मुलाला समजेल असं गणित आहे.

बाकीचं सगळं नियोजन होतं, आणि त्याचं वेड मला लागलं हे मी कबूल करते. न्यू जर्सीच्या मतदारांनी १९७६ मध्ये अटलांटिक सिटीत कॅसिनोला परवानगी दिली, पेनसिल्व्हेनियानं २००४ मध्ये स्लॉटचा कायदा केला, डेलावेअर शेजारी. दोन तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये डझनभराहून जास्त कॅसिनो. प्रत्येकाचं आपलं सभासद-कार्ड. मशीनमध्ये कार्ड घातलं की तुम्ही किती हरलात यापेक्षा किती डॉलरचा खेळ फिरवलात हे बघितलं जातं. त्यावरून तुम्ही दिवसाला सरासरी किती हराल याचा आकडा कॅसिनो काढतो, आणि त्या आकड्यावर फुकट खोली, जेवण, फ्री प्ले (मशीनवर फुकट खेळायची रक्कम) टपालानं येतं. म्हणून चार दिवस थोडं थोडं खेळण्यापेक्षा एकाच दिवशी सगळं उरकायचं. वीस मिनिटं हात मारायला गेलात तर कार्ड घालायचंच नाही, सरासरी पडते. फ्री प्लेचे २५ डॉलर एकदा फिरवावेच लागतात, त्यामुळे त्यांची खरी किंमत २२. कार्डावरचे पॉइंट दुप्पट कुठल्या वारी, कुठलं कुपन कधी संपतं, पेट्रोल आणि टोल किती, सगळं वहीत. जिंकलेली प्रत्येक रक्कम करासाठी वेगळ्या पानावर.

'पण शेवटी जुगारच ना?' या प्रश्नाचा मला राग येतो. द्राक्षबाग लावणारा आमचा मामा फेब्रुवारीतल्या अवकाळीवर जेवढं लावून बसतो, तेवढं मी कधीही लावलं नाही. नक्की नफा दिसल्याशिवाय मी नोट बाहेर काढली नाही. आणि तरीही हा राग मी जरा जास्तच जोरात व्यक्त करते, हे माझ्या लक्षात आलेलं आहे. त्याचं कारण ऑक्टोबर २०१३ मधलं आहे.

तेव्हा अण्णा, माझे वडील, आमच्याकडे आले होते. आयुष्यभर नाशिकरोडला करन्सी नोट प्रेसमध्ये होते. ज्यांच्या घरी प्रेसचा माणूस आहे त्यांना ठाऊक आहे: कागदाचा ताव ताव मोजायचा, मोजणी जुळल्याशिवाय चैन नाही. घरीसुद्धा अण्णा दुधाचे सुटे दोनदा मोजतात. मला वाटलं, माझी वही समजेल असा जगात एक माणूस असेल तर तो हाच. अटलांटिक सिटीला समुद्रासमोरची खोली मला फुकट मिळाली होती. मी त्यांना घेऊन गेले. मला ते दाखवायचं होतं. मी घरात नुसती बसलेली नाही, माझ्या डिग्रीचं काहीतरी झालं, हे दाखवायचं होतं.

सकाळी दहाला मी एक चक्कर मारली. एका मशीनचा मीटर ४८९.४० होता आणि तिथं सत्तरीची एक बाई बसली होती. जांभळा स्वेटर, कार्ड हरवू नये म्हणून गुंडाळीच्या दोरीनं स्वेटरच्या काजाला अडकवलेलं. पेन्शनर लोकांची बस येते, त्यातून आलेली असावी. मी अण्णांना बोर्डवॉकवर फिरवून आणलं, पुन्हा चक्कर मारली, वहीत लिहिलं. बाराच्या सुमारास आम्ही तिथूनच जात होतो. बाईनं पर्स उघडली, आत पाहिलं, कार्ड काढून घेतलं आणि उठून गेली. मीटर ४९७.१२.

मी बसले. फार तर ५७६ डॉलरचा खेळ, त्यात सरासरीनं ७० डॉलर जाणार, आणि हातात जवळजवळ ५००. असा डाव महिन्यातून एकदा मिळतो.

हा प्रसंग मी आजवर दोन-तीन जणांना सांगितला आहे, आणि प्रत्येक वेळी एक गोष्ट गाळली आहे. मशीनच्या कडेला कागदी कप होता. अर्धा भरलेला, अजून वाफ येत होती, कडेला लिपस्टिकचा डाग. कार्ड काढलं म्हणजे जागा मोकळी, हा तिथला रिवाज. पण कप ठेवला म्हणजे माणूस परत येणार, हाही रिवाजच. मी तो कप पाहिला होता. पाहून बसले.

अण्णांनीही पाहिला. टेबलं पुसणारा मुलगा ट्रे घेऊन आला आणि कपाला हात घालणार, तेवढ्यात अण्णांनी तो उचलून हातात धरला. मी दीड-दीड डॉलरचे डाव दाबत होते आणि माझे वडील कुणाचीतरी उष्टी कॉफी दोन्ही हातांत धरून माझ्या पाठीशी उभे होते.

दहा मिनिटांनी ती आली. हातात एटीएममधल्या करकरीत नोटा. मला बघून थांबली. अण्णांनी कप पुढे केला, तिनं घेतला, थँक्यू म्हणाली. मग माझ्याकडे बघत, पण मला नव्हे, म्हणाली, "मी फक्त पैसे काढायला गेले होते."

मी उठले नाही. उठले असते तर ती बसली असती आणि थोड्याच वेळात जॅकपॉट तिला लागला असता, हे मला आकड्यांत दिसत होतं. मी दाबत राहिले. ४९८.०६ ला मशीन वाजायला लागलं. ती शेजारच्या मशीनवर बसली आणि नोट आत सारली. त्या मशीनला मीटर नव्हता.

"तिला शंभर तरी देऊ या का?" अण्णांनी मराठीत विचारलं.

"इथे असं करत नाहीत, अण्णा."

रात्री जेवणाचा बुफेही फुकट होता. अण्णांनी भूक नाही म्हणून सांगितलं आणि खोलीत बसून नाशिकहून आणलेला चिवडा खाल्ला. (त्यांना तिकडचं जेवण मुळातच आवडत नसे, तेव्हा यातून मी उगाच अर्थ काढत असेन.) मग त्यांनी माझी वही मागितली. मी आनंदानं दिली. इतक्या वर्षांनी हेच आठवून कसंतरी होतं. त्यांनी चष्मा लावला आणि त्या दिवसाचं पान काढलं. १०.०५ ला ४८९.४०. ११.२० ला ४९४.१०. १२.१० ला ४९७.१२.

"दहा पाचला तिथं कोण होतं?"

"तीच."

"अकरा वीसला?"

"तीच."

"मग यात तिचे किती गेले, ते निघतं का तुझ्या हिशोबात?"

निघत होतं. मीटर ७ डॉलर ७२ सेंट चढला, म्हणजे तिनं साधारण १,५४४ डॉलरचा खेळ केला, त्यात अंदाजे १८५ गेले. मी आकडा सांगितला. अण्णांनी वही मिटून परत दिली.

"म्हणजे तू ती उठायची वाट बघत होतीस."

ते रागावले नव्हते. मोजणीत न जुळलेली रक्कम सापडली की ते अशाच आवाजात सांगतात. मी खूप बोलले. मीटर तिच्या एकटीच्या पैशांनी चढलेला नव्हता, तिच्याआधी शंभर जण बसून गेले होते. मी नसते तर दुसरं कुणी बसलं असतं. मीटरवर नजर ठेवून फिरणारे आणखी चार चेहरे मला रोज दिसायचे, इंग्रजीत त्यांना गिधाडं म्हणतात आणि ते स्वतःही म्हणवून घेतात. तिला ५०० मिळाले असते तर तेही तिनं संध्याकाळपर्यंत मशीनमध्येच घातले असते. तिला लुटलं ते कॅसिनोनं, मी नव्हे. अण्णा ऐकत होते. "बरोबर आहे," म्हणाले, आणि झोपले.

यातला एकही मुद्दा मला आजही चुकीचा वाटत नाही, हीच माझी अडचण आहे. ती पैसे पुन्हा घालणारच होती, हे मी कशावरून म्हणाले? तिला मी ओळखतही नव्हते. संभाव्यता शिकलेली बाई मी, आणि एका माणसाबद्दल 'नक्की' म्हणाले. पण तेव्हाची मी समोर आली तर म्हणेल, चार वर्षं घरात बसून दाखव, मग बोल. तिला काय सांगू? त्या खेळानं मला माझं स्वतःचं बँकखातं दिलं. अण्णांचं विमानाचं तिकीट त्याच खात्यातून काढलं होतं. ते नवऱ्यानं काढलं असं मी त्यांना सांगितलं होतं. हे वाचलं तर आता कळेल.

आणि मी त्या रात्रीनंतर थांबलेही नाही. लोकांना वाटतं, काहीतरी झालं आणि सोडलं. नाही. पुढे अडीच वर्षं खेळले. २०१६ मध्ये वर्क परमिट आलं, नोकरी लागली, वेळ उरला नाही, तेव्हा सुटलं. एवढाच फरक पडला, की कप दिसला तर बसायचे नाही. एकदा सोडून. त्या एकदाचं आत्ता सांगवत नाही.

आता दिरांच्या ग्रुपला उत्तर. भाऊजी, मांडवीतल्या बोटींवर माझं गणित चालत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी आहे, आधी २८ होता. तो तुम्ही घेतलेल्या चिप्सच्या पूर्ण किमतीवर बसतो. म्हणजे १४० मोजले की १०० चा खेळ. वर जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. माझा अख्खा फायदा शंभरामागे थोडक्या डॉलरांचा असायचा. इथे तो दारातच संपतो. मजेला जायचं तर जा, जेवा, गाणी ऐका, पैसे गेले असं धरून जा. शिकण्यासारखं तिथं काही नाही. आणि नाशिकला कॅसिनो आला तर, असं कुणी विचारू नका. महाराष्ट्राचा कॅसिनोचा कायदा १९७६ चा, तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला.

क्लासमधल्या मुलांना मी मीटरचं गणित शिकवते, फळ्यावर, पूर्ण. सरासरी अपेक्षित मूल्य समजवायला त्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. परवा एका मुलीनं विचारलं, "मॅम, मग मीटर ४८९ पर्यंत नेणारे लोक कोण असतात?" तास संपत आला होता. उद्या सांगते म्हटलं.

अण्णा आता चौऱ्याऐंशीचे आहेत, जेलरोडच्या घरात माझ्याजवळच राहतात. त्यांच्यासमोर कुणी हा विषय काढला तर "ती हिशोब ठेवायची" एवढंच बोलतात. ती वही सामानातून परत आली, तिची मागची पानं कोरी होती. कागद वाया घालवणं त्यांना जमत नाही. त्यामुळे ऑक्टोबर २०१३ चं पान जिथल्या तिथं आहे, आणि वही उलटी केली की त्यांच्या अक्षरात दुधाचा हिशोब आहे: दीड लिटर, दीड लिटर, एक लिटर, खाडा.