दहा किलोचं चिलखत अंगावर वागवताना

शिवजयंतीच्या मिरवणुकीत मालवणात चिलखत घालून चालायचं ठरलं, तेव्हा भाड्याने मिळणारी चंदेरी रंगाची प्लास्टिकची चिलखतं मी बघितलीही नाहीत. मावळा म्हणून उभं राहायचं तर अंगावर एकमेकांत गुंफलेल्या धातूच्या कड्यांचंच चिलखत हवं. अॅल्युमिनियमचं पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश वजनाचं असतं, पण ते अंगावर ओघळत नाही, फुगून राहतं. म्हणून पोलादी घेतलं, दहा किलोच्या आसपासचं. कड्या रिबीट मारलेल्या बघून घेतल्या. नुसती टोकं जुळवलेल्या कड्या ताण आला की उघडतात, बहुधा काखेतच.

माप उघड्या अंगाचं देऊ नका. आत कापूस भरलेली बंडी घालूनच छाती मोजा आणि वर वीतभर सैल ठेवा. कड्यांची वीण स्वतःच्या भाराने खाली लोंबते आणि रुंदीला आक्रसते. तलवार उगारल्यासारखा हात वर करून बघा. काखेत अडकलं तर ते चिलखत तुमचं नव्हे.

खरा त्रास वजनाचा. सगळा भार खांद्यांवर येतो आणि मान भरून येते. सराव करताना बंदरावरच्या एका हमालकाकांनी बघितलं आणि म्हणाले, "खांद्यार घेव नको रे, कमरेर घे." मग रुंद चामडी पट्टा आवळला, चिलखत त्याच्यावर थोडं उपसून घेतलं आणि भार कमरेवर उतरला. एवढ्याने चालणं सुसह्य झालं. रोज संध्याकाळी भरडावरून जेटीपर्यंत, आधी नुसती बंडी घालून, मग चिलखत चढवून. आपल्या दमट हवेत बंडीतला घाम वाळत नाही, तेव्हा मीठ घातलेलं कोकम सरबत जवळ हवंच. काढताना वर ओढू नका. वाकून हात खाली सोडा, ते आपोआप डोक्यावरून घसरतं.

खारी हवा पोलाद खाते. घरी आल्या आल्या कोरड्या फडक्याने पुसून मशीनचं तेल लावा. गंज धरलाच तर गोणपाटात कोरडी वाळू घालून चिलखत घोळवा, पण वाळू नदीची घ्या, किनाऱ्याची नको.

सिंधुदुर्गावर, म्हणजे १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेल्या किल्ल्यात, आजही होडीनेच जावं लागतं. फोटोसाठी होडीतच चिलखत घाला असा आग्रह झाला. मी साफ नाही म्हटलं. एवढं लोखंड अंगावर घेऊन पाण्यात पडलेला माणूस वर येत नाही. चिलखत पिशवीतून नेलं, अंगात लाइफ जॅकेट घातलं आणि किल्ल्यावर पोचल्यावरच पट्टा बांधला.