तुम्ही विचारलंत म्हणून : भाजलेल्या अजगराची शुश्रूषा

साप हाताळण्याचा कसलाही अनुभव नसताना जखमी साप घरी आणला आणि तो जगलाही, हे कसे काय जमले, असा प्रश्न मला मंडळाच्या गणपतीत, भारतातल्या नातेवाइकांच्या फोनवर आणि क्वचित अगदी अनोळखी माणसांकडूनही विचारला जातो. विचारणाऱ्यांना बहुधा धाडसाची गोष्ट ऐकायची असते. प्रत्यक्षात डॉक्टरांनी सांगितलेली औषधे दिल्यानंतर आम्ही त्या सापाला योग्य ऊब, स्वच्छ पाणी आणि एकांत दिला आणि उरलेला सगळा वेळ हात आखडून बसलो. मला विचाराल तर तेच सगळ्यांत कठीण होते.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. ही मादी म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोट्या चणीचा बिनविषारी अजगर. ब्रिटनमध्ये त्याला रॉयल पायथन म्हणतात, तर अमेरिकेत बॉल पायथन, कारण घाबरला की तो डोके आत घेऊन स्वतःचा घट्ट गोळा करतो. ओळखीच्या एका कुटुंबातला मुलगा विद्यापीठात शिकायला गेला, आईवडिलांना सापाची किळस होती, आणि तिची काचेची पेटी गॅरेजमध्ये जाऊन पडली. त्या कुटुंबाने घर बदलायचे ठरवले तेव्हा ती कोणाला तरी देऊन टाकायची होती. जवळच्या आश्रयकेंद्रात त्या वेळी जागा नव्हती, म्हणून ती आमच्याकडे आली. इथे हा साप पाळण्यासाठी परवाना लागत नाही. मात्र इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू असलेल्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार प्राणी ज्याच्या ताब्यात असतो, त्याच्यावर त्याचे योग्य घर, आहार आणि वेदना व आजारापासून संरक्षण या सगळ्याची जबाबदारी येते. थोडक्यात, पेटी आमच्या दिवाणखान्यात आली त्या क्षणापासून दुसऱ्याला नावे ठेवून आमची सुटका होणार नव्हती.

धडधाकट रॉयल पायथनचे शरीर भरीव आणि गोलसर असते. हिच्या पाठीचा कणा मात्र कौलारू घराच्या आढ्यासारखा वर आला होता आणि कुशीला कातडीच्या उभ्या घड्या पडत होत्या. शरीरातले पाणी कमी झाल्याची ती खूण. जुन्या कातीचे तुकडे ठिकठिकाणी चिकटलेले होते आणि दोन्ही डोळे सुरकुतल्यासारखे, निस्तेज दिसत होते. तिला उचलल्यावर पोटाखालची खरी जखम दिसली. पोटावरचे रुंद, पांढुरके खवले तळहाताएवढ्या पट्ट्यात तपकिरी आणि कडक झाले होते. त्यांच्या कडा सुटल्या होत्या आणि त्या फटींतून पिवळसर पाणी झिरपत होते.

हे भाजणे तिच्याच पेटीत घडले होते. पाळीव सापाला ऊब मिळावी म्हणून पेटीखाली विजेची हीट मॅट ठेवतात आणि तिचे तापमान थर्मोस्टॅटने आवरतात. इथे थर्मोस्टॅटच नव्हता. गॅरेज थंड, पेटीत उबेची जागा ती एकच. तेव्हा साप तिथेच पडून राहणार, हे उघड आहे. शिवाय पोटाखालचा पृष्ठभाग भाजण्याइतका तापला तरी साप तिथून वेळेवर हलत नाहीत, असे वारंवार आढळते. पाळीव सापांच्या भाजण्यात म्हणूनच क्रौर्यापेक्षा अशा न बसवलेल्या छोट्याशा उपकरणाचा वाटा मोठा असतो.

कुत्र्यामांजरांचा प्रत्येक डॉक्टर साप तपासत नाही, त्यामुळे सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारी डॉक्टर शोधावी लागली. तिने वेदनाशामक औषध दिले, पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने जखम पुसायला सांगितले आणि वर सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम लावायला दिले. जंतुसंसर्गासाठी सेफ्टाझिडिमची इंजेक्शने होती. सापाच्या शरीरात हे औषध बराच काळ टिकत असल्यामुळे ती दर तीन दिवसांनी द्यायची होती, आणि तीही शरीराच्या पुढच्या भागात, कारण मागच्या भागातले रक्त हृदयाकडे परतताना आधी मूत्रपिंडांतून जाऊ शकते. सुई खवल्याच्या आरपार न घालता दोन खवल्यांच्या मधून तिरकी सरकवावी लागते, हे तिने करून दाखवले. माझे यजमान एरवी स्वतःच्या रक्ततपासणीला घाबरतात. पण हे काम त्यांनी माझ्याहून सफाईने केले.

त्या भेटीत डॉक्टरने सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. सापाची रोगप्रतिकारशक्ती, त्याचे पचन, जखमेचे भरणे आणि औषधाचा परिणाम हे सगळे त्याच्या शरीराच्या तापमानावर अवलंबून असते. थंड सापाला कितीही चांगले प्रतिजैविक दिले तरी ते अर्धवटच काम करते. म्हणून घरी आल्यावर मलमाच्या आधी पेटी सुधारली. एका टोकाला सुमारे ३२ अंश सेल्सियस, दुसऱ्या टोकाला २५ च्या आसपास, थर्मोस्टॅट आणि दोन्ही टोकांना डिजिटल तापमापक. लपण्यासाठी अंगाला घट्ट बसतील अशा दोन कपारी ठेवल्या, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला. एकच ठेवली तर भित्रा साप लपण्यासाठी उबेवर पाणी सोडतो. लाकडाचा भुसा काढून साधे किचन रोलचे कागद अंथरले, म्हणजे जखमेत कचरा अडकत नाही आणि झिरपलेले पाणी लगेच दिसते. कागद रोज बदलायचे, आणि औषधाची वेळ सोडली तर तिला हात लावायचा नाही.

दमटपणाचा मात्र पेच होता. चिकटलेली कात सुटायला ओलावा हवा आणि भाजलेली जखम भरायला कोरडेपणा. घराघरांत सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे सापाला कोमट पाण्यात बुडवून ठेवणे. उघडी जखम असताना तोच नेमका टाळायचा होता. डॉक्टरच्या सल्ल्याने पेटीतली हवा माफक दमट ठेवली, पाण्याचे भांडे मोठे दिले आणि जखमेवर कोरडी खपली धरल्यानंतरच एका कपारीत ओले शेवाळ भरले. डोळ्यांना हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना तोही सुटतो. तो अडकला म्हणून चिमट्याने ओढला तर खालच्या डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. पुढची कात येईपर्यंत थांबणे हाच त्यावरचा उपाय.

आता खाण्याबद्दल, कारण भारतातून येणारे निम्मे प्रश्न त्याविषयीच असतात. "त्या बयेला दूध तरी देतेस ना?" असे माझी आई आजही विचारते. साप दूध पचवू शकत नाही. नागपंचमीला तो दूध पिताना दिसतो, कारण बऱ्याचदा गारुड्याने त्याला आधी पाण्यावाचून ठेवलेले असते, आणि तहानलेला प्राणी समोर येईल ते प्यायचा प्रयत्न करतो. आमच्या सापाला उंदीर लागतात आणि आमचे घर शाकाहारी असल्यामुळे गोठवलेल्या उंदरांसाठी एक छोटा वेगळा फ्रीझर घ्यावा लागला. माझ्या सासूबाई त्या खोलीत अजून जात नाहीत.

उपाशी प्राणी दिसला की त्याला पोटभर घालावे असे आपल्याला वाटते. दीर्घ उपासानंतर एकदम मोठे जेवण दिले तर रक्तातल्या क्षारांचे संतुलन ढासळून प्राणी दगावू शकतो. म्हणून आधी पाणी, मग तिच्या आकाराला अगदीच किरकोळ वाटेल असे उंदराचे पिल्लू. गोठवलेला उंदीर फ्रीजमध्ये हळूहळू वितळवायचा, नंतर गरम पाण्यात ठेवून त्याला जिवंत प्राण्याची ऊब आणायची आणि लांब चिमट्याने पुढे धरायचा. रॉयल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. भक्ष्य थंड असेल तर तो पुष्कळदा ढुंकूनही पाहत नाही. तिने कित्येकदा तोंड फिरवले. सुदृढ रॉयल पायथनही महिनोन्महिने न खाता राहू शकतो, हे वाचून थोडा धीर आला. पण ही सुदृढ नव्हती, म्हणून नियमाने वजन करून डॉक्टरला कळवत होतो. अखेर एका संध्याकाळी तिची जीभ भराभर लवलवू लागली, मान मागे वळली आणि पुढचे काही मला नीट दिसलेच नाही, इतक्या झटक्यात तिने उंदराभोवती वेटोळे घातले. त्यानंतर दोन दिवस तिला उचलायचे नव्हते, कारण खाल्ल्यावर हाताळले तर साप अन्न उलटून टाकतो.

पुढे कात निघाली ती डोळ्यांवरच्या दोन्ही खवल्यांसकट. पोटाची जखम त्यापुढच्या काही कातींबरोबर टप्प्याटप्प्याने भरत गेली. आता तिथे खवल्यांच्या वेड्यावाकड्या, फिकट रांगा आहेत आणि त्या तशाच राहतील.

भीती वाटत नाही का, याचे उत्तर असे की चावण्यापेक्षा मला सापाकडून माणसाला लागू शकणाऱ्या, पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला जंतूंची काळजी अधिक वाटते. तिला किंवा पेटीला हात लावल्यावर साबणाने हात धुतो, तिची भांडी स्वयंपाकघरात आणत नाही आणि पाच वर्षांखालील मुलांना तिच्याजवळ येऊ देत नाही. हे प्राणी सहज वीस-तीस वर्षे जगतात. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने तर २०२० मध्ये साठी ओलांडल्यावर अंडी घातली होती. आमच्या पश्चात हिला कोण सांभाळणार, हे आम्ही भाचीशी बोलून ठरवले आहे.

हे ऐकून, "मग आमच्या आवारातली जखमी धामण मीही घरी ठेवून बरी करू का?" असे नाशिकच्या पुतण्याने विचारले. त्याला मी स्पष्ट नाही म्हटले. भारतातल्या रानटी सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि चांगल्या हेतूनेही ते घरी ठेवता येत नाहीत. महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा किंवा वनविभागाकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला बोलवावे. तोवर जखमेवर हळद लावू नये, तोंडात पाणी ओतू नये आणि धामण म्हणून ज्याला उचलायला जाल तो नाग निघू शकतो, हे ध्यानात ठेवून कुत्र्यांना आणि मुलांना लांब ठेवावे व साप कुठे सरकतो आहे यावर दुरून नजर ठेवावी.