बाबा, ट्रेलर आणि सॅन सिमियनचा किनारा

बाबांनी 31 वर्षं एसटी चालवली, बहुतेक सगळी दापोली डेपोत. ते सहा महिन्यांसाठी कॅलिफोर्नियात माझ्याकडे आले तेव्हाच मी ठरवलं होतं, यांना किनारा दाखवायचा तर हॉटेलांतून नाही. सकाळी पाचला स्वतःचा चहा स्वतः करून प्यायची त्यांची सवय. म्हणून 2024 च्या जानेवारीत आठवड्याभरासाठी छोटा ट्रेलर भाड्याने घेतला आणि गाडीमागे जोडून निघालो.

इथे मागे ट्रेलर असला की ताशी 55 मैलांच्या वर जायचं नाही आणि उजवी लेन सोडायची नाही. बाबांना हा नियम फार आवडला. किनाऱ्यालगतचा बिग सरचा रस्ता दरडीमुळे बंद होता, त्यामुळे आम्ही आतल्या 101 नंबरच्या रस्त्याने खाली आलो आणि मोरो बेला समुद्र गाठला.

तिथे धक्क्यालगत पाणमांजरं दिसली, अगदी हाकेच्या अंतरावर. एक आई पाण्यावर उताणी तरंगत होती, पोटावर पिल्लू, आणि ती त्याची लव चाटून चाटून फुलवत होती. पिल्लू पुसून वाळवतात तशी. या प्राण्यांच्या अंगात सील-देवमाशांसारखा चरबीचा थर नसतो. थंडी अडवतात ते फक्त केस, आणि त्या केसांपायीच त्यांची शिकार झाली. कॅलिफोर्नियातून ती संपलीच असं लोक धरून चालले होते, तेव्हा 1938 मध्ये बिग सरच्या किनाऱ्याला 50 च्या आसपास पाणमांजरांचा कळप दिसला. आज इथे दिसणारी सगळी त्यांचीच वंशावळ. बाबा तिथून तासभर हलले नाहीत.

तिथून उत्तरेला सॅन सिमियन क्रीकच्या कॅम्पग्राउंडवर तीन रात्री मुक्काम. ट्रेलर मागे घेणं हे उलट्या हाताचं काम आहे, स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे पळतो. मी दोनदा झाडाकडे नेला. मग बाबा खाली उतरले, मला आरशात दिसतील असे उभे राहिले, आणि मंडणगडच्या स्टँडवर उभे असल्यासारखे सुरू झाले. "येऊ दे, येऊ दे, थोडं कापून घे बाय, येऊ दे… बास." चाकांना ठोकळे लावले आणि पाच मिनिटांत चहा.

त्या कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी नाही. रात्री तीनला हीटर बंद पडला. भाड्याच्या ट्रेलरची बॅटरी जुनी होती, हीटरच्या पंख्यानेच ती संपवली. बाबा दोन गोधड्या घेऊन गप्प पडून होते, मला उठवलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. सकाळी गाडी चालू ठेवून बॅटरी भरली, आणि पुढच्या दोन रात्री हीटर झोपण्याआधी तासभरच लावला.

पण आम्ही आलो होतो ते एलिफंट सील बघायला. कॅम्पपासून 15 किलोमीटरच्या आसपास पिएद्रास ब्लांकासचा किनारा आहे. रस्त्याला लागूनच लाकडी फळ्यांची वाट, कुंपण, आणि खाली वाळूत शेकडो जनावरं पसरलेली. तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही. नर दोन टनांच्याही वर, नाक सोंडेसारखं लोंबणारं. तो मान वर करून ओरडला तेव्हा बाबा लगेच म्हणाले, "जुनी लेलँड थंडीत चालू होताना अशीच करायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी एका जागी सीगलची एकदम झुंबड उडाली. निळ्या जॅकेटमधल्या स्वयंसेवक बाई म्हणाल्या, तिकडे बघा, पिल्लू झालंय. वाळूवर काळंभोर, ओलं, सुरकुतलेलं पिल्लू पडलं होतं. वारेसाठी सीगल भांडत होते. त्या गोंधळात आई अख्खी वळली, पिल्लाच्या नाकाला नाक लावलं आणि दोघांनी एकमेकांना हाका मारायला सुरुवात केली. नंतर गर्दीत चुकामूक झाली तर याच आवाजावर आणि वासावर ती एकमेकांना शोधतात. मादीच्या खांद्यावर पांढरा वण होता. बाबांनी तो लक्षात ठेवला.

ही आई साधारण 28 दिवस दूध पाजते आणि त्या काळात स्वतः काही खात नाही. 35 किलोच्या आसपास असलेलं पिल्लू महिन्याभरात सव्वाशे किलोच्या पुढे जातं आणि ती वाळत जाते. मग एक दिवस समुद्रात शिरते, ती पिल्लाकडे परत येत नाही.

तेलासाठी मारून मारून हे प्राणी एकोणिसाव्या शतकात जवळजवळ संपले होते, मेक्सिकोच्या एका बेटावर थोडेसे उरले. मेक्सिकोने 1922 मध्ये त्यांना संरक्षण दिलं. पिएद्रास ब्लांकासला 1990 मध्ये पंचवीसेक आले, 1992 मध्ये इथे पहिलं पिल्लू जन्मलं, आणि आता वर्षभरात हजारो येऊन जातात. हे मी बाबांना सांगत होते तर ते म्हणाले, "आपल्या वेळाससारखं."

आमचं गाव वेळासपासून लांब नाही. तिथल्या वाळूत समुद्री कासवं अंडी घालतात. बाबांच्या लहानपणी कासवाचं घरटं सापडलं की अंडी उकरून न्यायची, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. "आम्ही पण खाल्ली गं," बाबा कुंपणाला धरून म्हणाले. हे त्यांनी मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. मी काही बोलले नाही. आम्ही तिथेच उभे राहिलो, वारा इतका होता की डोळ्यांना पाणी येत होतं.

निघायच्या दिवशी ट्रेलर जोडला, साखळ्या अडकवल्या, दिवे तपासले. रस्ता दक्षिणेला होता, बाबा म्हणाले, एकदा उत्तरेला जाऊन येऊ. पांढऱ्या वणाची मादी तिथेच होती. पिल्लाच्या सुरकुत्या भरू लागल्या होत्या, ते दूध पीत होतं. बाबांनी माझ्यामार्फत बाईंना विचारलं, आई गेल्यावर याच्याकडे कोण बघणार? कोणी नाही, त्या म्हणाल्या, दोनेक महिने किनाऱ्यावरच राहून ते स्वतःच पोहायला शिकेल.

बाबा बराच वेळ बघत राहिले. मग गाडीकडे आले आणि ट्रेलरच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. डबल बेल.