दह्याच्या भांड्यामागची सिरिंज
मामांना 2009 मध्ये दीर्घकालीन हिपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराचे निदान झाले, तेव्हा आठवड्याला पेगिलेटेड इंटरफेरॉनचे (विषाणूविरुद्ध प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या, शरीरात जास्त काळ टिकणाऱ्या प्रथिनाचे) एक इंजेक्शन आणि रोज रिबाव्हायरिनच्या गोळ्या, असा जोड-उपचार चाले. विषाणू जनुकप्रकार 3चा असल्याने 24 आठवडे पुरणार होते. मात्र मामी फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे जपून ठेवत असलेली ती सिरिंज टोचली, की रात्री मामांना हुडहुडी भरे, आणि रिबाव्हायरिनमुळे तांबड्या पेशी फुटून हिमोग्लोबिन उतरे. एवढे सोसूनही विषाणू परतला.

2016 मध्ये सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर या गोळ्या दिवसातून एकदा, 12 आठवडे घ्याव्या लागल्या. पहिली विषाणूच्या आरएनएची, म्हणजे त्याच्या जनुकीय द्रव्याची, नक्कल करणारे विकर अडवते, तर दुसरी त्याच कामातले वेगळे प्रथिन. उपचारानंतर 12 आठवड्यांनी विषाणू सापडला नाही. मामांचा मात्र अहवालापेक्षा परतलेल्या भुकेवर अधिक विश्वास होता.