आमची वाटचाल : चार चाव्यांच्या पट्टीपासून

अण्णा, म्हणजे आमचे वडील, गिरणीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते, म्हणजे लेथ या यंत्रावर धातू कातणारे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्याचं पुढे काय झालं हे मुंबईकराला सांगायला नको. गिरगावात चाळीच्या तळमजल्यावर त्यांनी जुना लेथ टाकला आणि पंख्यांच्या, शिलाई मशीनच्या सुट्या भागांची कामं घ्यायला लागले. आज आम्ही वाद्यांचे सुटे भाग बनवतो, त्या वाटेला त्यांना ओढलं अंकलनी.

अंकल गोव्याचे. धोबी तलावला आपल्या गावच्या कुडीत, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोलीत, राहायचे, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला मँडोलिन वाजवायचे. वाद्य आजोबांचं, कलिंगडासारख्या फुगीर पाठीचं, इटलीत कातानियाला बनलेलं. त्याच्या चावीचं, म्हणजे तार ताणायच्या पिळाचं, चाक झिजून तार सुटायची. त्या काळात परदेशी चाव्या बाजारात मिळतच नव्हत्या. गावचा कुणी तारवटी, म्हणजे खलाशी, जहाजावरून आणेल तेव्हा, आणि त्याने आणलेली पट्टी, म्हणजे चार चाव्या बसवलेली धातूची पाटी, बसेलच याची खात्री नाही. अण्णांनी चाक हातात घेतलं, दाते मोजले, चौदा भरले. म्हणाले, उद्या या.

त्यांनी जे केलं ते आजही आम्ही तसंच करतो. लेथच्या चकमध्ये टॅप धरायचा, हो, आटे पाडायचा तोच टॅप, आणि पितळेची चकती आडव्या पिनेवर मोकळी ठेवून हलके हलके त्याच्यावर रेटायची. टॅप दाते पाडत जातो आणि चकतीला स्वतःच फिरवतो. खुबी सगळी चकतीच्या व्यासात. तो किंचित चुकला तर शेवटी अर्धा दाता उरतो आणि चकती भंगारात जाते. गिअर कटिंगच्या मशीनला पैसे नव्हते म्हणून शोधलेली ही वाट. नंतर पैसे आले, तरी मशीन घेतलं नाही. पाच-दहा नगांच्या कामाला ते परवडत नाही.

अंकल अर्ध्या हिश्श्याचे भागीदार झाले. लेथला त्यांनी कधी हात लावला नाही. मापं घेणं त्यांचं काम. रेकॉर्डिंगला, लग्नाच्या बँडमध्ये, बांद्र्याच्या घराघरांत जिथे मँडोलिन दिसेल तिथे बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढायचे. तार गुंडाळायच्या पहिल्या खुंटीच्या मध्यापासून चौथीच्या मध्यापर्यंत किती, खुंटीची जाडी किती, स्क्रूची भोकं कुठे, किडा, म्हणजे चाक फिरवणारा आट्यांचा दांडा, चाकाच्या वर की खाली. जुन्या अमेरिकन वाद्यांत तो एका बाजूला, १९२५ च्या सुमारानंतरच्या वाद्यांत दुसऱ्या बाजूला. हे न बघता पट्टी बदलली की चावी उलटी फिरते. जपानी सुझुकी, जर्मन, कोलकात्याच्या लालबझारकडची, सगळ्यांची मापं त्यांनी एका लांबड्या वहीत उतरवली. ती वही म्हणजे आमचं भांडवल.

आता त्या माणसाबद्दल. नाव लिहीत नाही, धंद्यातले लोक ओळखतील.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तो दुकानात आला. मोठा व्यापारी, चार शहरांत माल जाणारा. पट्ट्या बघून खूश झाला, नमुन्याला दोन जोड घेऊन गेला आणि पाठोपाठ अशी ऑर्डर दिली की अण्णांनी पितळ उधारीवर उचललं आणि दोन पोरं कामाला ठेवली. कीबोर्ड आल्यापासून रेकॉर्डिंगची कामं आटली होती आणि अंकल गोव्याला परतायच्या गोष्टी करत होते, म्हणून ही ऑर्डर देवाने धाडल्यासारखी वाटली. माल तयार झाला. निकेल चढवून, जोड जोड कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यांत भरला. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात उचलतो. मग, दिवाळीनंतर. मग फोन घेईना.

दिवाळीनंतर आमचीच पट्टी बाजारात दिसली. तोच आकार, कडेची तीच नक्षी, अण्णांनी कानशीने काढलेली. किंमत निम्मी. आमचा नमुना दुसऱ्या कारखान्यात देऊन त्याने साचा करून घेतला होता. अण्णा भेटायला गेले, तर बसायलाही सांगितलं नाही. "बाजार आहे, भाऊ," एवढंच. पितळवाला दारात, पोरांचा पगार थकलेला, आईच्या पाटल्या गहाण. अण्णा लेथ विकायला निघाले होते. गिऱ्हाईक येऊन बघूनही गेलं.

लेथ वाचवला बेंजो मास्तरांनी. लालबागचे. त्यांची पार्टी गणपतीत आणि हळदीत वाजायची. बेंजो म्हणजे आपला, पट्ट्यांचा, मूळ जपानी. नागोयात १९१२ मध्ये जन्मला आणि इथे येऊन बुलबुलतरंग झाला. मिरवणुकीत घामाने आणि पावसाने त्याच्या स्प्रिंगा गंजतात, पट्ट्या अडकतात, आणि नवव्या दिवशी दुकानं सांगतात की माल नाही. मास्तर श्रावण लागला की दोन बेंजो पिशवीत घालून आमच्याकडे. त्या वर्षी लेथ जातोय हे ऐकलं आणि लालबाग-परळच्या सगळ्या पार्ट्यांचे बेंजो गोळा करून आणले. आगाऊ पैसे स्वतः वसूल करून हातावर ठेवले. पियानो वायरच्या स्प्रिंगा आम्ही रात्र रात्र वळल्या. मास्तर अजून येतात, आता नातू बरोबर असतो, आणि भाव अजून करतात.

इकडे व्यापाऱ्याच्या पट्ट्यांची चाकं नरम ओतीव धातूची. आठ तारांची ओढ मिळून ७०-८० किलोंच्या घरात, त्यात ती किती टिकणार? त्यातून त्याच्याकडे माप एकच, शेजारच्या दोन खुंट्यांत २३ मिलिमीटर. जुन्या वाद्यांना बसेना तेव्हा लोकांनी वाद्याच्या डोक्यातली भोकं मोठी केली, डोकी फाटली. ती फाटलेली डोकी आमच्याकडेच आली. नमुना त्याने नेला होता, वही नेली नव्हती.

पुढची वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं एकच. कर्नाटक संगीतातले मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांच्यामुळे दक्षिणेत पाच तारांचं इलेक्ट्रिक मँडोलिन रुजलं आणि तिकडून सुट्या पाच चाव्यांची मागणी यायला लागली. त्यासाठी चाराच्या पट्टीचा उपयोग नाही, हे बाकीच्यांना उशिरा कळलं.

वाचताच आहात तर ऐकून घ्या. आठही तारा एकदम काढू नका. मँडोलिनची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तो लाकडी तुकडा, चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते, ती पडते आणि जागा हरवते. हरवलीच, तर बाराव्या पडद्यावर तार दाबून येणारा स्वर आणि तिथेच नुसतं बोट टेकवून येणारा स्वर जुळेपर्यंत ती पुढेमागे सरकवा. फेव्हिकॉल लावू नका, हात जोडतो. टोकाला फास असलेल्या लूपच्या तारा मिळाल्या नाहीत तर सगळ्यात बारीक जोडीसाठी गिटारची दहा किंवा अकरा नंबरची तार घ्या, पक्कडीने तिच्या टोकाची गोळी फोडून काढा, खाली फास उरतो. डोक्याजवळची खाच तार धरत असेल तर पेन्सिलचं शिसं घासा, खोबरेल नको. स्क्रू फिरवण्याआधी त्याला मेण लावा, जुनं शिसवी लाकूड तडकतं. आणि मोडलेला भाग फेकू नका. नवा भाग आम्ही त्याच्याच मापाने करतो. फोटो पाठवताना शेजारी मोजपट्टी ठेवा, बोट ठेवून अंदाज येत नाही. तरी लोक बोटच ठेवतात.

अण्णा गेले, अंकलही गेले. वहीतली मापं मुलीने कॉम्प्युटरवर घेतली, पण काउंटरवर वहीच उघडते, कारण अंकलनी समासात वाद्याच्या मालकाचा स्वभावही लिहून ठेवलाय.

त्या व्यापाऱ्याचं दुकान आता त्याचा मुलगा बघतो. जुन्या वाद्याचं गिऱ्हाईक आलं की चाव्या आमच्याकडून मागवतो. मुलगा सभ्य आहे, बापाचं त्याला माहीत नसावं. त्याच्याकडून आम्ही पूर्ण पैसे आधी घेतो, आणि नमुना देत नाही.